मेटल प्रिंटेड पार्टचं फिनिश बिघडतं कुठे? या चुका टाळा

थ्रीडी प्रिंटिंगच्या मशीनमधून निघालेला मेटल प्रिंटेड पार्ट खरखरीत असणारच. लेझर पावडर बेड पद्धतीत साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर थराथराने वितळते आणि भिंतींना अर्धवट वितळलेले कण चिकटून राहतात. आरए, म्हणजे खडबडीतपणाची सरासरी, बहुतेक वेळा ५ ते २० मायक्रॉनच्या दरम्यान येतो. लोटे, मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत असा पार्ट आला की पहिली चौकशी होते ती बफिंगवाल्याची. खरं तर फिनिशचा बराचसा निकाल त्याआधीच लागलेला असतो, आणि किनाऱ्यावर उरलेला निकाल खारी हवा लावते.

पार्ट कसा उभा करायचा, याचा विचार न करणे

बोटीच्या पंपाचा ३१६एल स्टेनलेसचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, घ्या. प्रिंट होताना ज्या पृष्ठभागाखाली सुटी पावडर असते, तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. वितळलेला धातू खाली झिरपतो आणि ती बाजू सगळ्यात खडबडीत होते. आडव्या पातळीशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन असेल तर बहुधा सपोर्टही, म्हणजे खालून आधाराचे तात्पुरते खांब, लागतात आणि ते काढल्यावर त्यांचे व्रण राहतात. म्हणून ज्या पात्यांवरून पाणी धावणार ती शक्य तितकी उभी ठेवा. सपोर्ट तिथे द्या, जिथे नंतर लेथवर कट घ्यायचाच आहे, आणि त्या कटासाठी जादा धातू डिझाइनमध्येच सोडा. पार्ट हातात आल्यावर बोअर (मधलं भोक) मोठा निघाला तर कुणाकडेच इलाज नसतो.

थर पातळ करून सगळं सुटेल, ही आशा

९० मिलिमीटर उंचीच्या पार्टला ६० मायक्रॉनचे १५०० थर लागतात, ३० मायक्रॉनचे ३०००. मशीनचं बिल त्याच बेताने फुगतं. उतारावरच्या पायऱ्या बारीक होतात हे खरं, पण उभ्या भिंतीला चिकटलेले कण तिथेच राहतात.

पावडर आत ठेवून भट्टीत घालणे

आधी पावडर झाडायची, मग ज्या प्लेटवर प्रिंट झाला तिच्यासकट स्ट्रेस रिलीफ (भट्टीत तापवून आतला ताण घालवणं), त्यानंतर वायरकटने प्लेटपासून सोडवणं. आतल्या वाहिन्यांत पावडर राहिली तर भट्टीत ती घट्ट बसते. मोकळ्या वाहिनीची आतली बाजू गुळगुळीत करायला ब्लास्टिंगचं (हवेच्या दाबाने बारीक कण मारण्याचं) नोझल पोचत नाही; तिथे घासकण मिसळलेली पेस्ट दाबाने आरपार ढकलावी लागते.

लोखंडी शॉट (ब्लास्टिंगचे छर्रे) आणि गेटवाल्याचं कॅबिनेट

आपल्याकडे सर्वांत महागात पडते ती हीच चूक. ज्या कॅबिनेटमध्ये काल एमएसचं (साध्या लोखंडाचं) गेट ब्लास्ट झालं, त्यातच आज ३१६एलचा पार्ट जातो. बाहेर येतो तेव्हा एकसारखा चंदेरी दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुतलेले असतात. समुद्रावरच्या दमट, खाऱ्या हवेत त्यांना तांबूस डाग धरतात आणि मग ‘स्टेनलेस असून गंजलं कसं?’ म्हणून वाद. शिवाय जोरकस ब्लास्टिंगने टोकं दुमडून खड्ड्यांवर झाकली जातात, आणि अशा फटीत मीठ अडकून पिटिंगला, म्हणजे बारीक खड्डे पाडणाऱ्या गंजाला, सुरुवात होते.

स्टेनलेससाठी काचेचे मणी, स्वच्छ अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा स्टेनलेस शॉट वापरा आणि ते माध्यम वेगळंच ठेवा. नंतर नायट्रिक किंवा सायट्रिक अॅसिडने पॅसिव्हेशन (पृष्ठभागावरचं लोखंड काढून संरक्षक थर बसू देणं) करून घ्या. लोखंड उरलंय का, हे पाहायला मोरचुदाची चाचणी आहे. हो, सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी लागतं तेच मोरचूद. फक्त इथे शुद्ध प्रतीचं, सल्फ्युरिक अॅसिडच्या योग्य प्रमाणातल्या द्रावणात. पृष्ठभाग ६ मिनिटं ओला ठेवायचा. तांबं चढलं तर लोखंड आहे. डाग काढायला हायड्रोक्लोरिक अॅसिड मात्र लावू नका. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला पोखरतं. शेवटची धुलाई किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने नको, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने करा.

थेट इलेक्ट्रोपॉलिश

इलेक्ट्रोपॉलिश म्हणजे आम्लात वीज सोडून पृष्ठभागाचा पातळ थर विरघळवणं. त्याने टेकडीवरचं गवत निघतं, टेकडी तशीच राहते. आधी ब्लास्टिंग किंवा सिरॅमिक खड्यांसोबत टंबलिंग, मगच ते. आणि घासायचं तेही बेतानं. प्रत्येक थरात लेझरने ओढलेली कडेची रेघ आणि आतलं भरण यांच्या सांध्याजवळ बारीक छिद्रं राहू शकतात. खोल पॉलिश केलं की ती उघडी पडतात. एकदा पृष्ठभागावर उघडलेलं छिद्र हिप प्रक्रियेनेही (तापवून चहूबाजूंनी वायूचा प्रचंड दाब देऊन) बंद होत नाही, कारण दाबाचा वायू आतही शिरतो.

चुकीच्या कटऑफवर मोजणे

खिशातल्या रफनेस टेस्टरचा ०.८ मिलिमीटर कटऑफ (मोजणीतल्या एका तुकड्याची लांबी) तसाच ठेवून खरखरीत पार्ट मोजला तर आकडा फसवतो. आयएसओ ४२८८ या मानकानुसार (२०२१ मध्ये त्याची जागा आयएसओ २१९२०-३ ने घेतली) आरए २ ते १० मायक्रॉन असेल तर कटऑफ २.५ मिलिमीटर आणि मोजणीची लांबी १२.५ मिलिमीटर हवी. ड्रॉइंगवर आरएसोबत आरझेडही, म्हणजे शिखर ते खड्ड्याची उंचीही, मागा. एखादा खोल खड्डा सरासरीत दडून जातो.

अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमचं काम असेल तर आणखी एक. त्यांची बारीक धूळ स्फोटक असते. स्टीलच्या ग्राइंडिंगची ठिणगी आणि ही धूळ एकाच डस्ट कलेक्टरमध्ये जाता कामा नये. पावसाळ्यात पावडरचे डबेही उघडे ठेवू नका: ओल धरलेली पावडर नीट पसरत नाही, आणि अॅल्युमिनियममध्ये त्याच ओलीतून हायड्रोजनची छिद्रं तयार होतात.