स्वयंचलित ट्रेडिंग : नियमांपासून खऱ्या पैशांपर्यंत

संगणकाकडून सौदे करून घ्यायचे असतील, तर सुरुवात प्रोग्रॅमपासून नव्हे, नियमांपासून करावी. ‘तेजी दिसू लागली की खरेदी’ हा नियम होऊ शकत नाही. ‘दिवसअखेरीस भावाची २० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीच्या वर गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच खरेदी करायची आणि ती खाली आली की त्याच रीतीने विक्री करायची’ हा नियम आहे. त्यासोबत प्रत्येक सौद्यात किती भांडवल घालायचे, तोटा किती झाला की बाहेर पडायचे आणि एकाच दिवशी अनेक शेअरमध्ये संकेत आले तर कोणते निवडायचे, हेही लिहून ठेवावे. हा कागद दोन माणसांच्या हाती दिल्यावर दोघांनी एकाच आलेखावर वेगवेगळ्या ठिकाणी खुणा केल्या, तर नियम अजून अपुरा आहे. या पद्धतीतून नफा का व्हावा, याचे कारणही त्याच कागदावर एका वाक्यात असावे. ते सुचत नसेल, तर पुढच्या सगळ्या चाचण्यांकडे अधिकच संशयाने पाहावे.

बॅकटेस्ट म्हणजे हे नियम जुन्या भावांवर चालवून पाहणे. ही चाचणी एखादी पद्धत चांगली असल्याचे सिद्ध करण्यासाठी नसते, तर वाईट पद्धती स्वस्तात बाद करण्यासाठी असते. त्यामुळे आधी भावांची माहिती तपासावी. अ‍ॅपलच्या शेअरचे ऑगस्ट २०२० अखेरीस एकास चार असे विभाजन झाले. त्यानुसार दुरुस्ती न केलेल्या माहितीत तो शेअर एका रात्रीत तीन चतुर्थांश कोसळलेला दिसतो आणि प्रोग्रॅम निमूटपणे स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्याला बाहेर पडण्याचा नियम, लावून मोकळा होतो. याहून लपून राहणारा दोष शेअरच्या यादीत असतो. आज निर्देशांकात असलेल्या कंपन्याच घेऊन मागची पंधरा वर्षे तपासली, तर दरम्यान बुडालेल्या किंवा यादीतून वगळलेल्या कंपन्या चाचणीत येतच नाहीत आणि निकाल आपोआप गोड होतो. ज्या दिवसाचा सौदा, त्या दिवशीची यादी वापरावी.

सर्वांत जास्त फसवणूक मात्र भविष्यातली माहिती नकळत वापरल्याने होते. संकेत आजच्या क्लोजिंग भावावरून काढायचा आणि खरेदीही त्याच भावाने झाली असे धरायचे, ही नेहमीची चूक आहे, कारण तो भाव कळतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. कंपनीचे तिमाही निकाल वापरतानाही तिमाही संपल्याची तारीख नव्हे, तर निकाल जाहीर झाल्याची तारीख धरावी. शंका असेल तेव्हा एक सोपी परीक्षा घ्यावी : माहिती मधल्याच एखाद्या तारखेला तोडून प्रोग्रॅम पुन्हा चालवावा. त्या तारखेपर्यंतचे संकेत जरासुद्धा बदलले, तर प्रोग्रॅम कुठेतरी पुढचे पाहत आहे.

खर्च धरल्याशिवाय निकाल वाचूच नये. समजा, सरासरी सौद्यात ०.३० टक्के नफा दिसतो आहे. खरेदी आणि विक्री मिळून ब्रोकरेज व करांत ०.२० टक्के गेले, आणि अपेक्षित भाव व मिळालेला भाव यांतला फरक, म्हणजे स्लिपेज, दोन्ही वेळा ०.०५ टक्के पडला, तर हाती काहीच उरत नाही. दिवसात अनेक सौदे करणाऱ्या बहुतेक पद्धती इथेच संपतात.

यानंतर आकडे जुळवण्याचा मोह सुरू होतो. छोट्या सरासरीसाठी २० आणि मोठ्या सरासरीसाठी २० पर्याय तपासले की ४०० जोड्या होतात, आणि त्यांतली सर्वोत्तम जोडी निव्वळ यदृच्छेने चढउतार होणाऱ्या भावांवरही देखणी दिसते. म्हणून दैनंदिन चढउतारांचा क्रम पत्त्यांसारखा पिसून तयार केलेल्या बनावट भावांवर हाच शोध अनेकदा घ्यावा; तिथेही तितकाच नफा वारंवार निघत असेल, तर मूळ निकालाला फारसा अर्थ नाही. २० आणि ५० ला भरघोस नफा, पण १९ आणि ५१ ला तोटा, अशी पद्धत मी तरी चालवणार नाही. माहितीचा शेवटचा भाग सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा आणि सगळे ठरल्यावर त्यावर एकदाच चाचणी घ्यावी. निकाल आवडला नाही म्हणून नियम बदलून पुन्हा तिथेच तपासले, तर तो भाग राखीव राहत नाही.

निकालात एकूण नफ्याआधी ड्रॉडाउन पाहावा, म्हणजे भांडवल शिखरावरून किती खाली आले ते. ५० टक्के घट भरून काढायला १०० टक्के वाढ लागते. सौद्यांचा क्रम हजारदा उलटसुलट करून पाहिला, तर प्रत्यक्षात याहून किती खोल घट होऊ शकली असती याचा अंदाज येतो.

पुढची पायरी पेपर ट्रेडिंगची आहे. त्यात खऱ्या भावांवर खोट्या ऑर्डर टाकल्या जातात. एपीआय (प्रोग्रॅमला ब्रोकरच्या यंत्रणेशी जोडणारा दुवा), वेळेचे गणित आणि प्रोग्रॅममधल्या चुका कळण्यापुरता तिचा उपयोग आहे, ऑर्डर प्रत्यक्षात कोणत्या भावाने भरली जाईल हे मात्र तिथे नीटसे कळत नाही. त्यासाठी थोड्या खऱ्या पैशांनीच सुरुवात करावी लागते.

खऱ्या ऑर्डर सुटण्यापूर्वी आवर घालणारी यंत्रणा तयार हवी. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहिला. तिथला जुना, वापरातून गेलेला भाग जागा होऊन ऑर्डर सोडत सुटला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. म्हणून एका ऑर्डरची कमाल रक्कम, मिनिटाला जास्तीत जास्त ऑर्डर आणि दिवसाच्या तोट्याची मर्यादा या तीन गोष्टी ट्रेडिंगच्या नियमांपासून वेगळ्या असलेल्या भागात तपासाव्यात, आणि सगळे थांबवणारे बटण मोबाइलवरूनही चालावे. इंटरनेट तुटून पुन्हा जोडले गेल्यावर प्रोग्रॅमने स्वतःच्या आठवणीवर न विसंबता ब्रोकरकडून चालू सौदे आणि प्रलंबित ऑर्डर मागवून मगच पुढचे पाऊल टाकावे. नाहीतर एकच खरेदी दोनदा होते. ही परिस्थिती पेपर ट्रेडिंगच्या काळातच, बाजार चालू असताना जोडणी मुद्दाम तोडून तपासून घ्यावी.