ताटातल्या या चुका टाळा: वरणावरची भिस्त आणि पोळीवरचा राग

आठवडाभर जे खाल्लं ते लिहून आणा, असं मी सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. वह्या वेगळ्या, अक्षर वेगळं, मजकूर मात्र ठरलेला. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री परत पोळी-भाजी. भाजी बरेचदा बटाट्याची. आणि विचारलं की उत्तरही ठरलेलं: "ताई, प्रोटीनचं काही नाही, रोज वरण असतंच."

वरण आहे म्हणजे प्रथिनं आली

चौघांच्या घरात दुपारच्या कुकरला साधारण 100 ग्रॅम तूरडाळ लागते. त्यात प्रथिनं जवळपास 22 ग्रॅम, म्हणजे माणशी साडेपाच. पाणी वाढवून तीच डाळ सहा जणांना पुरवली तर चार ग्रॅमही नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये निरोगी प्रौढासाठी दिलेलं प्रमाण वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम आहे. 60 किलोच्या बाईला दिवसाला 50 ग्रॅम हवीत. पोळी-भातातूनही प्रथिनं मिळतात, पण धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो आणि तो डाळ भरून काढते; डाळीत कमी असलेला मेथिओनिन हा दुसरा घटक धान्यातून येतो. भाकरी-पिठल्याची जोडी उत्तम आहेच, फक्त पिठलं तोंडी लावण्यापुरतं नको.

मी डाळ शिजल्यावर डावाने मोजत नाही, कोरडी मोजते. याच संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीच्या आहाराला रोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि 300 मिली दूध-दही सुचवलं आहे. चौघांच्या डाळी-कडधान्यांचे झाले 340 ग्रॅम. रात्री ओट्यावर मी तेवढं काढून ठेवते: थोडे मूग सकाळच्या धिरड्यासाठी भिजत, मटकी मोड आणायला फडक्यात, वरणाची डाळ वाटीत. मोड यायला वेळ लागतो म्हणून मटकी कालच भिजवलेली असते. डोळ्यांसमोर ठेवलेलं शिजतं, डब्यात राहिलेलं राहून जातं. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांनी काही वाटा तिथून घ्यावा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात.

"उसळीने गॅस होतो" ही तक्रार खरी आहे. पण ती बहुतेकदा एका दिवसात दुप्पट उसळ खाणाऱ्यांची असते. पोट फुगतं आणि चौथ्या दिवशी उसळच बंद होते. चमच्या-चमच्याने वाढवा, नीट भिजवा, मऊ शिजवा. महिना लागला तर लागू द्या.

पोळी-भात एकदम सोडणं

या चुकीची मला खरोखर भीती वाटते. एक निवृत्त काका, मधुमेहाची गोळी चालू. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पोळी, भात, फळं सगळं बंद. काकडी, ताक, उकडलेलं अंडं. गोळी मात्र नेहमीसारखी, आणि फिरणंही. तिसऱ्या दिवशी बागेतून परतताना जिन्यातच दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. काकू शहाण्या, त्यांनी आधी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला दिली आणि मग डॉक्टरांना फोन केला. काका नंतर माझ्याकडे आले ते रागावूनच, "साखर कमी करायला निघालो होतो आणि साखरच प्यावी लागली."

त्यांची गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावणारी होती. ताटात पिष्टमय काही नसलं तरी ती आपलं काम करते आणि रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येते. इन्शुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यायची, मग ताटातली एक पोळी कमी करायची. काकांच्या जेवणात आम्ही रात्रीचा भात काढला, उसळ वाढवली, पोळ्या दुपारी दोन ठेवल्या. सावकाश, पण आजही ते तसंच जेवतात. लग्न महिन्यावर आलंय म्हणून भात सोडणारे नवरा-नवरी लग्नानंतर दुप्पट भात खाताना मी पाहिलेत. घाईच्या उपायांवर माझा अजिबात विश्वास नाही.

बाकीच्या, थोडक्यात

भाकरी हवी तितकी चालते असं नाही. ज्वारीतही सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्बोदकंच असतात. 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे 30 ग्रॅमच्या दोन पोळ्या.

दाणे प्रथिनांसाठी मूठमूठ खाऊ नका. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 25 आणि चरबी 45 च्या वर. कूट घाला, पण ते तेलाच्या हिशोबात धरा.

तेल चमच्याने मोजायचं दोन दिवसांत सुटतं. मी डबा फोडला की त्यावर तारीख लिहिते. त्याच मार्गदर्शिकेतलं प्रमाण माणशी रोज 27 ग्रॅम आहे, म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटर, तूप-लोणी धरून. पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल तर फोडणीकडे आणि तळणाकडे बघा.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवासाला खिचडीबरोबर वाटीभर दही घ्याच.

पोह्यांवर मोड आलेले मूग घाला, नाहीतर बरोबर अंडं घ्या.

प्रोटीन पावडर आधी नको. आधी 85 ग्रॅम डाळ रोज शिजते का ते पाहा.

आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलेलं असेल, किडनीचा आजार असेल, तर वर सांगितलेली डाळ-उसळ स्वतःच्या मनाने वाढवू नका. तुमचं प्रथिनांचं माप किडनीच्या डॉक्टरांकडूनच घ्या.