खुबा धरलाय? मशीन लावण्याआधी हे बघा

"मॅडम, कंबर धरलीय, जरा मशीन लावा." सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात 19 वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि हे वाक्य रोज ऐकतेय. मी म्हणते, आधी हात ठेवून दाखवा. कारण आपल्याकडे 'कंबर' म्हणजे माकडहाडापासून मांडीपर्यंत काहीही. हात मागे कुल्ल्यावर गेला तर पहिला संशय मणक्यावर. बाहेरच्या उंचवट्यावर गेला, त्या कुशीवर झोपलं की दुखतं, तर ते बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर बरं होणारं. पण हात जांघेत गेला, किंवा अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी कडेची पकड घेतली, तर खुब्याचा सांधाच दुखत असावा. मग मी मशीन बाजूला ठेवते आणि प्रश्न विचारायला बसते.

पहिला प्रश्न, पडलात का? एक आजी न्हाणीत घसरल्यावर तिसऱ्या दिवशी आल्या, नातवाचा खांदा धरून, चालत. "चालतेय म्हणजे मोडलं नाही," हे त्यांचं स्वतःचं निदान. सुनेने दोन दिवस गरम तेलाने चोळलंही होतं. मोडलेल्या खुब्याची खूण सगळे सांगतात, पाय आखूड होतो आणि पाऊल बाहेर वळतं. आजींचे दोन्ही घोटे मी जुळवून पाहिले, अगदी सारखे. टाचेवर मुठीने हलकेच ठोकलं, तर कळ जांघेत. हाडाची टोकं एकमेकांत रुतून बसली असली की माणूस चालतो, आणि मग एखाद्या पावलाला ती सरकतात. आजींना तिथेच आडवं केलं आणि 108 बोलावली. म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर मालीश नको, आधी एक्स-रे. तो स्वच्छ आला तरी पायावर भार देववत नसेल, तर पुढच्या तपासणीचं विचारा, एमआरआय किंवा सीटी.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला मुलगा, तक्रार गुडघ्याची. मी आठ दिवस गुडघाच शेकला. नवव्या दिवशी तो दारातून येताना पाहिलं, लंगडत होता आणि त्या पायाचं पाऊल बाहेर फिरलेलं. उताणं झोपवून गुडघा छातीकडे दुमडला, तर मांडी सरळ वर येईना, आपोआप बाहेर पडत होती. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचं वरचं टोक जागेवरून सरकतं, ते हे. दुखतं मात्र गुडघ्यात, कारण खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसा त्याच. त्याच दिवशी, पाय टेकू न देता, ऑर्थोपेडिककडे पाठवला. स्क्रू घालावा लागला. तेव्हापासून गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक पोराचा खुबा मी हलवून बघते. लहान मूल लंगडतंय, अंगात ताप आहे आणि पाय हलवू देत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. अशा वेळी सकाळ होण्याचीही वाट बघू नका. मोठ्या माणसालाही हेच लागू.

पोलीस भरतीची पोरं हा आमच्याकडचा वेगळाच प्रकार. जाहिरात निघाली की वर्षभर न धावलेला मुलगा डांबरी रस्त्यावर रोज 1600 मीटरची फेरी मारतो, तीसुद्धा दोन-दोनदा. धावताना जांघेत दुखतं आणि थांबलं की बरं वाटतं, असं तो म्हणाला की मी त्याचे बूट काढून ठेवते. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीला ती एक्स-रेत दिसत नाही. त्यावर धावत राहिलं तर हाड पूर्ण मोडतं. मैदानी चाचणी तोंडावर आहे म्हणून यावर वाद घालणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत.

तिशी-चाळिशीतल्या माणसाला मी मांडी घालून बसायला सांगते. एक गुडघा वरच राहत असेल, तर पुढचे प्रश्न स्टिरॉइडचे, कोविडमध्ये, दम्याला किंवा त्वचेसाठी घेतलेले, आणि दारूचे. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. इथेही पहिला एक्स-रे फसवतो.

बाकीचं थोडक्यात. रात्री झोपेतून उठवणारं आणि कूस बदलूनही न थांबणारं दुखणं, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, घरात टीबी, किंवा पूर्वी झालेला स्तनाचा वा प्रोस्टेटचा कॅन्सर, यातलं काहीही असलं तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर. दुखण्याबरोबर लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर तो मणक्याचा तातडीचा मामला, त्याच तासाला निघायचं. जांघेत गाठ आली असेल तर सर्जनला दाखवा. ती दुखून कडक झाली आणि उलट्या सुरू झाल्या तर लगेच.

जाताना औषधांची पिशवी जशीच्या तशी न्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेली आठवड्याची गोळी त्यात असेल, तर ती आधी दाखवा. अशा माणसाची मांडी पुढून दुखू लागली तर मांडीच्या हाडाचाच एक्स-रे लागतो. आणि बाजारातून सांधेदुखीवर आणलेल्या बिनलेबलच्या पुड्याही न्या. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. "ते काय औषध नाही, मॅडम, पूड आहे" म्हणून लोक नेमक्या त्याच घरी ठेवून येतात.