एकेक डोळा झाकून बघा

एका डोळ्याची नजर घसरली तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही. पन्नाशी उलटलेल्यांनी, मधुमेहींनी तर नक्कीच, आठवड्यातून एकदा हे करावं:

1. वाचायचा चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभं राहा.
2. तळहातानं एक डोळा झाका (दाबू नका), मधल्या एका तारखेवर नजर ठेवा. मग दुसरा.
3. चौकटींच्या रेषा वाकड्या किंवा मधेच पुसलेल्या दिसल्या तर एक-दोन दिवसांत डोळ्यांचे डॉक्टर गाठा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही.

एकाएकी दिसेनासं झालं, पडदा सरकल्यासारखं वाटलं, विजा चमकून काळे ठिपके वाढले, किंवा लाल डोळ्यासोबत डोकं दुखून उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी निघा. इंदुरात रात्री-बेरात्री एमवाय या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) आहेच.

चुना, ॲसिड किंवा गेरमधला (रंगपंचमीच्या मिरवणुकीतला) रंग डोळ्यात गेला तर मात्र आधी नळाखाली निदान 20 मिनिटं धुवा, मगच रिक्षा बोलवा.

मेडिकलवाल्यानं दिलेले किंवा घरात उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर जंतुसंसर्ग बळावतो.