बोर्डाचं पत्र आलं तेव्हा

पहिलं पत्र हातात पडलं तेव्हा मला निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं ठेवतात तिथे, समुपदेशक म्हणून लागून सात महिने झाले होते. चारच ओळी होत्या: विधिसंघर्षग्रस्त बालक, वय १७ वर्षे, कलम १५ अन्वये प्राथमिक मूल्यांकनाकरिता अहवाल दहा दिवसांत सादर करावा. खाली बाल न्याय मंडळाचा, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या 'बोर्डा'चा, गोल शिक्का. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का, हे ठरवण्यासाठी मंडळ हे मूल्यांकन करतं. त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना जड जातं. मुलांच्या भांडणांच्या नोंदी आणि पालकांच्या भेटींची रजिस्टरं भरून झाली, आता खरं आपल्या विषयाचं काम आलं, असं वाटलं होतं.

एम.ए. करणाऱ्या मुली अधूनमधून विचारतात, 'ताई, या क्षेत्रात यायचं तर काय करू?' हे त्यांच्यासाठी आहे. मुलांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत किंवा गाळले आहेत. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आपल्यालाही लागू आहे, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या.

कायदा तुम्ही वाचला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेत एक आरोपी अल्पवयीन होता, त्यावर देशभर संताप उसळला आणि २०१५च्या बाल न्याय अधिनियमात कलम १५ आलं. मुलगा १६ वर्षं पूर्ण केलेला असेल आणि आरोप निर्घृण गुन्ह्याचा असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा, तरच हे मूल्यांकन होतं. 'किमान' या शब्दाखाली रेघ मारा. कमाल शिक्षा कितीही असो, किमान सात वर्षं ठरवलेली नसेल तर तो गुन्हा निर्घृण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं आणि २०२१च्या दुरुस्तीत ते कायद्यातही आलं. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने अपघात झाला तेव्हा 'प्रौढ म्हणूनच खटला चालवा' असं घराघरात बोललं जात होतं. पोलिसांचा तो अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. लोक काय म्हणताहेत आणि कायद्यात काय लिहिलंय यातलं अंतर तुमच्या टेबलावर रोज येणार आहे.

मंडळाला तीन गोष्टी बघायच्या असतात: असा गुन्हा करण्याची मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत त्याने तो केल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. मुदत तीन महिने. त्यासाठी मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकतं. इथे आपण येतो.

आणि इथेच मी पडले.

तो मुलगा माझ्याकडे दोन महिन्यांपासून समुपदेशनाला येत होता. सुरुवातीला सगळ्यांसारखा 'मॅडम' म्हणायचा, मग कधीतरी 'ताई' म्हणायला लागला. रात्री झोप लागत नाही, आई भेटायला आली की बोलताच येत नाही, हे त्याने हळूहळू सांगितलं होतं. पत्र आल्यावर मी त्याला त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसवलं. फक्त माझ्यासमोर या वेळी फॉर्म होता. त्याला वाटलं, नेहमीचंच बोलणं आहे. मी विचारलं, 'त्या दिवशी काय झालं?' आणि त्याने सगळं सांगितलं. कोण बरोबर होतं, कोणी आधी बोलावलं, हातात काय होतं, नंतर कुठे गेले.

मी ते सगळं लिहिलं. अकरा पानांचा अहवाल. 'परिस्थिती' या मथळ्याखाली दीड पान, 'बालकाने सांगितले की...' अशी सुरुवात करून, घडलं त्या क्रमाने. काहीच गाळलं नाही याचा मला अभिमान होता.

बोर्डात सरकारी वकिलांनी नेमकं तेच दीड पान वाचून दाखवलं. आधी ठरवून गेले होते म्हणजे नियोजन होतं, नंतर लपले म्हणजे परिणाम कळत होते. मुलगा तिथेच बसला होता. प्रकरण बाल न्यायालयाकडे गेलं, म्हणजे प्रौढ म्हणून खटला चालवण्याच्या दिशेने. ते माझ्या दीड पानामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, कागदपत्रं बरीच होती. पण दुसऱ्या दिवसापासून तो मला पुन्हा 'मॅडम' म्हणायला लागला आणि समुपदेशनाला यायचा बंद झाला.

हे मी जरा जास्त सविस्तर सांगणार आहे. कारण हुशार, मनापासून काम करणारी माणसंच यात अडकतात. मुलाचा विश्वास मिळवणं आपल्याला शिकवलेलं असतं. तो विश्वास कुठे वापरायचा नाही, हे मला तरी कोणी शिकवलं नव्हतं.

प्राथमिक मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, हे कलम १५च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. मुलाने गुन्हा केला की नाही हे अजून कोणीही ठरवलेलं नसतं, आणि कलम ३ नुसार मूल निर्दोष धरूनच चालायचं असतं. मग त्याच्या तोंडून घटनेचा वृत्तान्त घेऊन तो कागदावर उतरवणारे आपण कोण? तो कबुलीजबाबच होतो. फरक इतकाच, की पोलीस ठाण्यात निदान मुलगा सावध असतो. आपल्यासमोर तो सैल झालेला असतो, आणि आपणच त्याला सैल केलेलं असतं.

'परिस्थिती' म्हणजे त्या रात्रीचा तपशील नव्हे. शाळा कितवीत सुटली आणि का सुटली, घरात कमावतं कोण, बाप दारू पिऊन मारायचा का, नशा कधीपासून, मोठ्या पोरांच्या टोळक्यात हा कामाचा पोऱ्या होता की बरोबरीचा, याआधी कोणी याच्याशी काय वागलं, हे सगळं तिथे यायला हवं. ते घटनेबद्दल चकार शब्द न काढता मिळतं, पण त्याला चार-पाच बैठका लागतात. घटना विचारली की एका बैठकीत पानं भरतात, म्हणून हात तिकडे वळतो.

आता मी पहिल्या भेटीत हे बोलते, जवळजवळ याच शब्दांत: 'मी आज तुझ्यावर उपचार करायला आलेली नाही. तू बोलशील त्यातलं मी लिहून बोर्डाला देणार आहे. ते तिथे सगळे वाचतील. त्या दिवशी काय झालं ते मला सांगू नकोस, ते तुझ्या वकिलांना सांग. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही.' वकील नेमलेलाच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मिळेपर्यंत मी फॉर्म उघडत नाही.

आणि 'समजलं का?' असं विचारून थांबू नका. ही मुलं सगळ्याला 'हो' म्हणतात. 'हो' म्हटलं की मार बसत नाही, एवढं त्यांना लहानपणापासून पाठ असतं. त्याऐवजी 'मी हे कागद कुणाला देणार, ते तू मला सांग' असं विचारा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'पोलिसांना.' पुन्हा पहिल्यापासून समजावलं. एक तास गेला. जाऊ दे.

ज्याचं समुपदेशन तुम्ही करताय त्याचं मूल्यांकन तुम्ही करू नका. मंडळाला लेखी कळवा, की मी या बालकाची समुपदेशक आहे, मूल्यांकन दुसऱ्या तज्ज्ञाकडे द्यावं. मला तेव्हा हे सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असलेल्या माणसाला बोर्डाला 'नाही' लिहायची भीती वाटते. तुम्हालाही वाटेल. तरी लिहा. नंतर मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा मंडळाच्या मॅजिस्ट्रेटनी शांतपणे मान्य केलं आणि पत्र जिल्हा सामान्य रुग्णालयाला गेलं. तिथे कोणी नसेल तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

दुसऱ्या चुका लहान आहेत, पण मुलाला महाग पडू शकतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बुद्ध्यांक काढून मोकळं होणं. 'बुद्धिमत्ता सरासरी, म्हणून क्षमता आहे' या एका वाक्यावर संपलेले अहवाल मी पाहिले आहेत. गुरुग्राममधल्या शाळेतल्या २०१७च्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की मानसिक क्षमता ही बुद्ध्यांकापेक्षा मोठी गोष्ट आहे. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे, हेही त्याच निकालात आहे. तो निकाल पूर्ण वाचा, सारांश नको. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने या कामासाठी केलेलं साहित्यही वाचा.

चाचण्यांचंही तसंच. आपल्याकडच्या बहुतेक कपाटांत नागपूरच्या मालिन यांची मिसिक ही बुद्धिमत्ता चाचणी असते. ती चांगली चाचणी आहे, पण ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची, आणि कलम १५ सुरू होतं १६ पासून. तरीही १७ वर्षांच्या मुलाला ती देऊन अंक काढलेले कागद बोर्डात येतात. बिने-कामत ही दुसरी चाचणी वरच्या वयालाही चालते, मात्र तिची मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून अंक ठरतो ती, जुनी आहेत आणि जुन्या मानकांवर अंक फुगून येतो. तो फुगलेला अंक इथे मुलाच्या विरोधात जातो, हे ध्यानात घ्या. जे मोजता आलं नाही ते 'मोजता आलं नाही' असं अहवालात लिहा. त्याने कमीपणा येत नाही.

भाषेचं एक सांगते. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका मुलाला मी विचारलं, 'अपने काम का परिणाम समझते हो?' तो म्हणाला, 'नौवीं में फेल हुआ था.' त्याच्यासाठी परिणाम म्हणजे शाळेचा निकाल. फॉर्ममध्ये मी हे 'आकलन कमी' असं नोंदवलं असतं तर? किंवा त्याने नुसतीच मान डोलावली असती आणि मी 'समज आहे' असं लिहिलं असतं तर? प्रश्न छोट्या गोष्टीतून विचारा. तुझा मित्र दुसऱ्याची गाडी विचारल्याशिवाय घेऊन गेला, आता कुणाकुणाचं काय काय होईल? तिथून बऱ्याच गोष्टी कळतात. आणि शांत खोलीत टेबलापाशी नीट उत्तर देणारा मुलगा रात्री अकरा वाजता चार जणांच्या घोळक्यात तसाच विचार करू शकतो का, हा प्रश्न अहवालात उघडपणे मांडा. या वयात तो फरक मोठा असतो.

शिक्षणाबद्दल लोक जितकं विचारतात तितकं त्यात सांगण्यासारखं नाही. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी मिळेल असाच अभ्यासक्रम धरा. एम.फिल. जाऊन नवे अभ्यासक्रम येताहेत, म्हणून प्रवेशाआधी त्या संस्थेला त्या वर्षी मान्यता आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. तीस दिवसांत न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ करून देणारी ऑनलाइन प्रमाणपत्रं घेऊ नका. मी दोन घेतली होती. त्यांत गुन्हेगाराचं मन कसं ओळखायचं ते होतं, रिमांड होममधल्या मुलाशी बोलायचं कसं ते नव्हतं.

गुरू शोधताना मोठ्या नावामागे धावू नका. मला शिकवलं ते एका परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने). ते मानसशास्त्र शिकलेले नव्हते. मुलाच्या घरची परिस्थिती सांगणाऱ्या त्यांच्या सामाजिक तपासणी अहवालासाठी मी त्यांच्याबरोबर घरं फिरले. दारात चपला काढताना ते आधी शेजाऱ्यांकडे बघायचे, आणि घरात शिरल्यावर मुलाबद्दल पहिली पंधरा मिनिटं काहीच विचारायचे नाहीत. पाणी प्यायचे, म्हातारीच्या गुडघ्यांबद्दल विचारायचे. मग आईच बोलायला लागायची. वर्षभर अशा माणसामागे फिरा. त्याची बरोबरी करेल असा वर्ग मला तरी भेटलेला नाही.

पगाराबद्दल खोटं सांगणार नाही. बहुतेक पदं कंत्राटी आहेत, मानधन उशिरा येतं, आणि घरात एकाचं स्थिर उत्पन्न नसेल तर पहिली काही वर्षं ओढाताण होते. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी रुग्णालयात नोकरी धरून बोर्डाची कामं घ्यावीत. त्यात कमीपणा नाही, उलट अहवाल लिहिताना हात कमी थरथरतो.

आणि चूक होईल म्हणून घाबरून मागे फिरू नका. एका अहवालावर सगळं संपत नाही. बाल न्यायालय स्वतः पुन्हा विचार करतं. तिथे गेलेला मुलगाही २१ वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थळीच राहतो, दरवर्षी त्याची प्रगती पाहिली जाते, आणि २१व्या वर्षी तो किती बदलला याचं पुन्हा मूल्यांकन होतं. त्या प्रत्येक ठिकाणी चांगल्या माणसाची गरज आहे. पण हेही खरं, की बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरवलेल्या मुलाची नोंद इतर मुलांसारखी पुसली जात नाही. पुढे नोकरीला अर्ज करताना ती त्याच्या मागे असते. त्यामुळे 'पहिलाच अहवाल आहे, शिकतेय' असं मनाशी म्हणू नका.

हल्ली अहवाल देण्याआधी मी तो मुलाला त्याच्या भाषेत वाचून दाखवते. तसं कोणी सांगितलेलं नाही. त्या दीड पानानंतर मीच ते सुरू केलं. अधीक्षकांना वेळ मागावा लागतो, काळजीवाहक दाराशी घुटमळत राहतात, कधीकधी मुलगा मध्येच रडतो. परवा एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'बाकी राहू द्या. पण बहिणीचं नाव आलंय ते काढा, तिचं लग्न जमतंय.' मी संगणक उघडला, सातव्या पानावरचं तिचं नाव काढलं आणि ते पान त्याला पुन्हा वाचून दाखवलं.