मुलांना स्वतःचा चेहरा काढायला शिकवताय? या चुका टाळा

तिसरीच्या वर्गाला नुसतं "स्वतःचं चित्र काढा" म्हणा, दहा मिनिटांत चाळीस गोल चेहरे हातात येतील. डोळे कपाळावर, केस झाडूच्या हिरासारखे, ओठ लालभडक, हसू या कानापासून त्या कानापर्यंत. नावं झाकली तर कुठलं चित्र कुणाचं, हे आईलासुद्धा सांगता येणार नाही. मुलांचं इथे काहीच चुकलेलं नसतं. आपल्याला हवं होतं वस्तुचित्र, म्हणजे समोर बघून काढलेलं, आणि त्यांनी काढलं स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला मुलं बसवणाऱ्या चित्रकला शिक्षकाला हा फरक पाठ असतो, पण चेहरा आला की आपणच तो विसरतो. आरसा देत नाही आणि हुबेहूबपणा मागतो.

आरसा बाकावर आडवा ठेवणं

आरसा दिला तरी काम संपत नाही. बाकावर सपाट ठेवलेल्या आरशात मूल वाकून बघतं, तेव्हा त्याला दिसतात स्वतःच्या नाकपुड्या आणि हनुवटीची खालची बाजू. मग ते कंटाळून मनानेच काढायला लागतं. आरसा डोळ्यांच्या उंचीला, उभा हवा. दप्तराला टेकवला आणि खाली दोन-तीन पुस्तकं सरकवली की जमतं. काचेचा आरसा लहान वर्गात नकोच, ॲक्रिलिकचा घ्यावा. दोघांत एक असेल तर पाच-पाच मिनिटांची पाळी लावून द्या, नाहीतर तास भांडणातच जातो. मुलांची तोंडं खिडकीकडे असू द्या. पाठीमागून उजेड आला की आरशात नुसती सावली दिसते.

आरसा नसेल तर फोनवर फोटो काढून देता येतो, पण हातभर अंतरावरून नको. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. पाच फूट लांब उभं राहून काढा.

आरशाची एक गंमत मात्र आधी माहीत हवी. एका मुलीने गालावरचा तीळ काढला आणि मी तिला "बाजू चुकली" म्हणून तो खोडायला लावला. चूक माझी होती. तीळ तिच्या उजव्या गालावर, आरशातही तो उजव्या हाताला दिसतो, म्हणून कागदावरही उजवीकडेच आला. समोरून चित्र बघणाऱ्याला मात्र तो डावा गाल वाटतो. चित्रकार व्हॅन गॉगने 1889 मध्ये काढलेल्या स्वतःच्या चित्रांत पट्टी उजव्या कानावर दिसते, प्रत्यक्षात जखम डाव्या कानाला होती. तोही आरशात बघूनच काढत होता.

डोळे कपाळावर जाणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी अडचण, आणि तिचं कारण समजण्यासारखं आहे. मुलासाठी चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड. कपाळ आणि केसांखालची कवटी त्याच्या हिशेबातच नसते. फळ्यावर अंडाकृती काढून चार भाग पाडून दाखवले तर मुलं तो आराखडा उतरवतात आणि पुन्हा चाळीस सारखे चेहरे तयार होतात. त्यापेक्षा मोजायला लावा. एक बोट डोक्याच्या टोकावर, दुसरं हनुवटीखाली ठेवा, आणि आता मध्य कुठे येतो बघा. डोळ्यांपाशी! वर्गात नेहमी आश्चर्याचा आवाज उठतो. लहान मुलांचं कपाळ मोठं असतं, त्यामुळे त्यांचे डोळे मध्याच्या किंचित खालीच येतात. मोठ्यांच्या चेहऱ्याचं माप त्यांच्यावर लादलं की चित्रात काका दिसायला लागतो. कानही बोटानेच शोधू द्या. वरचं टोक भुवईच्या आसपास, पाळी नाकाच्या खालच्या कडेपाशी.

हे दुसरी-तिसरीपासून पुढे. बालवाडीतल्या मुलाने चित्रात डोक्यालाच हात काढले तर तसेच राहू द्या. त्या वयात ते बरोबरच आहे.

"बाई, स्किन कलर द्या ना!"

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. सावळं मूल फिकट गुलाबी खडू मागतं आणि त्या खडूने स्वतःला रंगवतं. अमेरिकेत क्रेयोला या रंगखडूंच्या कंपनीने 'फ्लेश', म्हणजे कातडीचा रंग, हे खडूचं नाव 1962 मध्ये बदलून 'पीच' केलं. आपल्या वर्गात तसलंच नाव अजून तोंडी आहे. "कुठला स्किन? कुणाचा?" एवढंच विचारा आणि हाताच्या पाठीशेजारी कागदाची पट्टी धरून रंग जुळवायला द्या. पोस्टर कलरमध्ये लाल आणि पिवळा, त्यात निळ्याचा अगदी थेंब, की तपकिरी मिळतो. मग कुणी पिवळा वाढवतं, कुणी लाल. गडद करायला काळा ओतू नका, रंग मळकट होतो. निळा नाहीतर गडद तपकिरी वापरा. तेलखडू असतील तर तपकिरीवर नारिंगी हलक्या हाताने घासून बघा. कुणाचाही रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, हे मुलांच्याच लक्षात येतं.

आपली पेन्सिल मुलाच्या कागदावर

एका मुलाचा डोळा मी 'नीट' करून दिला होता. घरी त्याने सांगितलं, "हे बाईंनी काढलंय." तेव्हापासून दाखवायचं असेल तर मी वेगळ्या कागदावर काढते. खोडरबरही पहिल्या तासाला नाही. सुरुवातीची तीन मिनिटं कागदाकडे न बघता, नजर आरशात ठेवून रेघ ओढायची. चेहरे वेडेवाकडे होतात, मुलं हसतात, भीती जाते.

बाकीचं थोडक्यात. दात एकेक काढले की कुंपण होतं, म्हणून ओठ मिटवून बसवा. केसांचा आधी बाहेरचा आकार, मग वेण्या, रिबिनी, तेलाची चमक. पडलेला दात, चष्मा, टिकली हे सगळं चित्रात येऊ द्या. पण एखाद्याला व्रण काढायचा नसेल तर आग्रह नको. एका तासात उरकू नका, तीन तास घ्या. भिंतीवर लावायची तर सगळ्यांचीच चित्रं लावा.

मागे तारीख आणि वय लिहून ठेवा. जूनचं चित्र मार्चमध्ये परत द्या, पण नवं काढून झाल्यावरच. दोन्ही शेजारी ठेवा आणि आपण काही बोलायच्या आधी मुलाला बघू द्या.