मृगाच्या तोंडावर संत्र्याच्या सुकत चाललेल्या झाडांची तपासणी आणि उपचार

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर या पट्ट्यात मे महिन्याच्या अखेरीस संत्र्याच्या बगीच्यातून फेरी मारली, की दहा-बारा वर्षांच्या भरदार झाडांमध्ये मधूनच एखादे झाड वेगळे दिसते. त्याची पाने पिवळसर आणि लहान असतात, शेंड्याकडून फांद्या वाळत आलेल्या असतात, आणि दुपारच्या उन्हात शेजारची झाडे टवटवीत असताना ते मात्र मलूल होते. अशा झाडावर बहुतेक ठिकाणी आधी सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी होते, मग युरिया दिला जातो, आणि तरीही सुधारणा न दिसल्यास पाणी वाढवले जाते. बिघाड मुळांत असेल तर यांपैकी एकाही उपायाचा उपयोग होत नाही, आणि वाढवलेले पाणी तर झाड आणखी लवकर संपवते. म्हणून पहिला पाऊस येण्यापूर्वीचे हे दोन-तीन आठवडे तपासणीसाठी राखून ठेवावेत, कारण एकदा झड लागली की काळ्या मातीत बुंध्यापर्यंत जाणेही कठीण होते.

तपासणीची सुरुवात पानांपासून करावी, पण निदान तेथेच उरकू नये. नवतीच्या (नव्याने फुटलेल्या) पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असल्यास जस्त किंवा लोह कमी पडत आहे असे समजावे. चुनखडीच्या जमिनीत ही द्रव्ये असूनही झाडाला मिळत नाहीत. याउलट पानांची मधली शीरच पिवळी पडत असेल, तर खोडाची साल किंवा मुळे कुजत असल्याची शंका घ्यावी. पानाच्या एका बाजूला एक तर दुसऱ्या बाजूला वेगळेच, असे बेढब पिवळे चट्टे असतील आणि फळेही लहान व वेडीवाकडी येत असतील, तर तो सिट्रस सिला या किडीमार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग असू शकतो. या रोगाने ग्रासलेले झाड बरे होत नाही, त्यामुळे नमुना नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवून खात्री करून घ्यावी आणि निदान पक्के झाल्यास झाड काढून टाकावे.

यानंतर बुंध्याजवळ बसून खोड नीट पाहावे. तलावातील गाळ टाकल्याने किंवा दरवर्षी आळ्यात (बुंध्याभोवतीच्या पाण्याच्या खोलगट वाफ्यात) माती ओढल्याने डोळा बांधलेली, म्हणजे कलमाची जागा मातीखाली गेलेली आढळते, आणि माझ्या मते आपल्या भागातील निम्मे दुखणे येथूनच सुरू होते. ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या खुंटांपैकी जंभेरी हा मुळे व साल कुजवणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला लवकर बळी पडतो आणि रंगपूर लाईम त्या मानाने तग धरतो. पण कलमाचा भाग ओल्या मातीत गाडला गेला की चांगल्या खुंटाचाही फायदा उरत नाही. खोडावर डिंक ओघळलेला असेल, तेथील साल चाकूने खरवडल्यावर तपकिरी निघत असेल आणि आंबूस वास येत असेल, तर तो डिंक्या होय. खोडाच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठेच्या जाळ्या लोंबत असतील तर ते साल खाणाऱ्या अळीचे काम आहे. जाळी साफ करून, छिद्रात तार घालून अळी मारावी, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि वरून चिखलाने छिद्र बंद करावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मुळांची आहे आणि तीच सहसा केली जात नाही. फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून तीन-चार फुटांवर, वीतभर खोल माती हलक्या हाताने उकरावी. अन्न घेणारी तंतुमुळे याच वरच्या थरात असतात. निरोगी तंतुमुळे फिकट पिवळसर आणि भरीव असतात. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढल्यास वरची साल सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. त्याच ठिकाणी दोन फूट खोल खड्डा करून त्यात पाणी भरावे. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर निचऱ्याचे चर काढल्याशिवाय औषधावर खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चर उताराच्या दिशेने, ओळींच्या मधून काढून धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) पाणी जाईल असे पाहावे.

उपचारात पहिले काम सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या काढण्याचे. फांदी जिवंत आहे की नाही हे नखाने साल खरवडून कळते. वाळलेली फांदी हिरव्या भागासह सुमारे 2 सेंमी आत कापावी, प्रत्येक झाडानंतर आरी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप, कृती पुढे दिली आहे) लावावी आणि लगेच 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डॅझिम या प्रमाणात फवारणी करावी. काढलेली सल बगीच्यात किंवा धुऱ्यावर रचून ठेवू नये.

डिंक्या असलेल्या जागी कुजलेली साल निरोगी कडेपर्यंत खरवडून, बुंध्यापासून एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना प्रत्येकी 5 लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवावे आणि नंतर एकत्र ढवळावे. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुन्याची निवळी आणखी घालावी. पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

मुळे कुजलेली असल्यास पहिला चांगला पाऊस होऊन उष्णता उतरल्यावरच आळ्यातील माती काढावी. 45 अंशांच्या उन्हात मुळे उघडी टाकणे घातक ठरते. कुजलेली मुळे धारदार कात्रीने कापावीत, मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचे संयुक्त बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम घेऊन सुमारे 10 लिटर द्रावण झाडाच्या घेराखाली ओतावे आणि माती पुन्हा सारखी करताना 50 किलो कुजलेले शेणखत व 7.5 किलो निंबोळी ढेप मिसळावी. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी द्यायची असल्यास ती तीन-चार आठवड्यांनी शेणखतातून द्यावी. कलमाची जागा उघडी राहील इतकी माती खोडापासून मागे सारावी आणि पाण्यासाठी दुहेरी आळे (खोडाभोवती एक आणि त्याबाहेर दुसरे कडे) करून पाणी बाहेरच्या कड्यात द्यावे, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही.

शेतकऱ्यांना सर्वांत जड जाणारी गोष्ट बहराची आहे. मृग बहरासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) सगळ्या बगीच्याचे पाणी तोडून झाडांना ताण दिला जातो, आणि त्यात हे आजारी झाडही ताणावर बसते. मुळे आधीच तुटलेल्या झाडाला ताण देणे म्हणजे त्याच्याकडील उरलेले अन्नही संपवणे होय. अशा झाडांना रंगाची खूण करून त्यांचे पाणी बेताने चालू ठेवावे, त्यांच्यावर आंबिया बहराची (हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्याची) फळे असल्यास ती तोडून टाकावीत, आणि किमान एक वर्ष एकही बहर घेऊ नये. त्यांच्या घेराखाली रोटाव्हेटर फिरवू नये.

बुंध्याची साल निम्म्याहून अधिक घेरात कुजली असेल तर झाड ठेवण्याचा मोह सोडावा. ते मुळासकट काढून खड्डा उन्हात तापू द्यावा. उरलेल्या झाडांना पावसाळ्यात नवती फुटली की 0.5 टक्के झिंक सल्फेट निम्म्या चुन्यासह फवारावे, पाऊस ओसरल्यावर बोर्डो पेस्टचा दुसरा हात द्यावा, आणि ऑक्टोबरमध्ये जूनमध्ये उकरले होते त्याच जागी पुन्हा माती उकरून पांढरी तंतुमुळे फुटली आहेत का ते पाहावे. ती दिसली, तरच खताची नेहमीची मात्रा सुरू करावी.